दाजींच्या नावाची घागर

आमच्या दाजींना वाळवंटाने गिळलं असं जे म्हणतात, त्यांनी दाजींना जेवताना पाहिलेलं नाही. गिळण्याच्या बाबतीत वाळवंट त्यांच्यापुढे लेकरू. भरताची परात समोर आली की हा माणूस अशा नजरेने बघायचा की शेजारच्या मळ्यातली वांगी घाबरून देठात शिरायची. असल्या माणसाला वाळू गिळणार आणि वर ढेकरही देणार नाही? मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. आणि मी मानावं म्हणून ज्यांनी माझ्याच अंगणात बसून माझाच चहा पिऊन मला उपदेश केला, त्यांच्या चहात मी पुढच्या खेपेला साखर घातली नाही. हे मात्र शपथेवर खरं.

बाकीचंही खरंच आहे. मी अमळनेरला कापसाची दलाली करतो. आमच्या धंद्यात खोटं बोलत नाहीत, असलेलं पिंजून सांगतात. पिंजलेला कापूस जागा जास्त खातो, वजन तेवढंच राहतं. तेव्हा इथे जे लिहितोय त्याचं वजन बरोबर आहे. फुगवटा कुठे आहे ते तुम्ही दाबून बघा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. एसटीचे ड्रायव्हर. सगळी नोकरी शिरपूरकडच्या गाड्यांवर गेली. रिटायर झाले त्या दिवशी डेपोतल्या लोकांनी घातलेला हार गळ्यात ठेवूनच ते घरी निघाले, ते पायी. त्यांचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. वाटेत नाले, शेतं, चढ. घरी पोचले तेव्हा हारातली अर्धी फुलं बकऱ्यांनी खाल्लेली होती आणि दाजींचा चेहरा नवरदेवासारखा फुललेला होता. म्हणाले, आयुष्यभर बसून लोकांना नेलं, आता उभा राहून स्वतःला नेतो. त्यानंतर त्यांनी चाकाचं नाव काढलं नाही. सकाळी भाकरी बांधून डोंगराकडे निघत, पाड्यांवरच्या लोकांशी गप्पा मारत, संध्याकाळी परत. दोंडाईच्याला भाचीचं लग्न होतं, तिथेही चालत गेले. पोचले तेव्हा मांडव सोडत होते. दाजींनी मांडववाल्यांना हातभार लावला, उरलेल्या बुंदीचा समाचार घेतला, मुलीला आशीर्वाद तिच्या सासरी जाऊन दिला, आणि तिथूनही चालतच घरी आले.

आणि ऊन. खान्देशातल्या माणसाला काहीही बोला, उन्हावरून बोलू नका. आम्ही पेपरातलं तापमान क्रिकेटच्या धावांसारखं वाचतो. जळगाव पहिलं आलं की छाती फुगते, विदर्भातलं एखादं गाव पुढे गेलं की त्या दिवशी चहा कडू लागतो. आमच्याकडे मे महिन्यात सावलीसुद्धा माणसाच्या पायाखाली शिरून बसते, बाहेर यायला नाही म्हणते. दाजींना तर उन्हाचा असा काही माज होता की टोपी घालणं त्यांना शरणागती वाटायची. डोक्याला रुमाल, बस.

हा माज त्यांना भोवला, असं लोक म्हणतात. होळीच्या आधी आम्ही नात्यातली माणसं गाडी करून राजस्थानला गेलो होतो. दाजी गाडीत बसायला तयार नव्हते. अक्काने गळ्याची शपथ घातली तेव्हा बसले, पण ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर, आणि शिरपूरपासून जैसलमेरपर्यंत उजवा पाय दाबून दाबून त्यांनी जो ब्रेक नव्हता तो झिजवला. शेवटी जैसलमेरच्या पुढे जिथे वाळू दाखवतात तिथे आम्ही उतरलो. उंटवाले धावत आले. दाजी म्हणाले, मी चालतो.

त्यातल्या एका उंटवाल्याने, भला माणूस तो, पाण्याची बाटली पुढे केली. दुपार होती, ऊन बरंच होतं. म्हणजे तिथल्या लोकांच्या हिशेबाने बरंच. दाजी हसले आणि त्याला म्हणाले, "आमच्या जळगावला या मे महिन्यात. तुमचा उंट सावली मागेल."

बाटली त्यांनी घेतली नाही. जगात दुसऱ्या कुठल्याही मुलखातल्या माणसाने ती घेतली असती.

मी त्या वेळी उंटावर होतो. उतरताना उंट आधी पुढून बसतो हे चढताना कुणी सांगितलं नव्हतं, वर बसल्यावर सांगितलं. त्यामुळे मी उतरायचं टाळत होतो. दाजींना शेवटचं पाहणारा माणूस मी आहे आणि तेही उंचावरून. पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल, हात मागे बांधलेले. अक्काने खालून ओरडून सांगितलं की लवकर या, चहा होतोय. दाजींनी मागे न बघता उजवा हात बाजूला काढून हलवला. एसटीचे ड्रायव्हर मागच्या गाडीला हलवतात ना, तसा. ते पहिल्या टेकाडामागे गेले, दुसऱ्या टेकाडावर जरा लहान होऊन दिसले. मग उंट हलला, मी त्याच्या मानेला मिठी मारली आणि डोळे उघडले तेव्हा नुसती वाळू होती.

चहा झाला, निवला, पुन्हा तापवला. मग आम्ही शोधायला निघालो. मग पोलीस आले, गावातले लोक उंट घेऊन आले, पावलांचा माग काढणारा एक म्हातारा आला. पावलं सरळ गेली होती. म्हातारा म्हणाला, थकलेल्या माणसाचा पाय ओढला जातो, याचा कुठे ओढला गेलेला नाही. आणि मग वाळू संपली. वाळवंटात वाळू संपते आणि दगडाची कडक जमीन लागते हे आम्हाला तिथे कळलं. त्या जमिनीवर पाऊल उठत नाही. तिथून पुढे त्यांना काही सापडलं नाही. रुमाल नाही, चप्पल नाही, शर्टाचं बटण नाही. आम्ही बरेच दिवस तिथे राहिलो. गाडी बाकीच्यांना घेऊन परत गेली. शेवटी मी आणि अक्का रेल्वेने आलो. सगळ्या वाटेत ती खिडकीशी बसली होती आणि मी, ज्याचं तोंड झोपेतही बंद होत नाही तो मी, एक शब्द बोललो नाही.

बोलायचं काम बाकीच्यांनी सुरू केलं.

आमच्या न्हाव्याचं मत पडलं की दाजी सीमेपलीकडे गेले आणि तिकडे तुरुंगात आहेत. मी म्हटलं, असतीलही, जेलरची गाडी चालवायला लावली असेल आणि ते म्हणत असतील मी चालतो. एका आजीबाईंच्या मते चकवा लागला. चकवा माणसाला एकाच जागेभोवती फिरवतो. मी म्हटलं, दाजींना फिरवून फिरवून चकवाच बसला असेल धापा टाकत. टपरीवरची टवाळ मंडळी डोळे मिचकावत म्हणायची की तिकडे दुसरा संसार थाटला असणार. ज्या माणसाला स्वतःच्या घरात साखर कुठे असते हे माहीत नव्हतं, तो परमुलखात संसार काय थाटणार? कुणी त्यांना साधूच्या वेषात पाहिलं होतं, कुणी दोंडाईच्याच्या स्टेशनावर दाढी वाढवून बसलेलं पाहिलं होतं. मी दोंडाईच्याला जाऊन आलो. दाढीवाला होता, पण तो माझ्याकडेच तंबाखू मागायला लागला. दाजी तंबाखूच्या वाऱ्याला उभे राहत नसत.

खरा राग मला आला तो अमळनेरच्या एका प्राध्यापकांचा. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की उष्माघातात आधी डोकं काम करायचं थांबतं. माणसाला दिशा कळत नाही. तो चालत राहतो, मग एखाद्या झुडपाच्या सावलीला बसतो, आणि वारा त्याच्यावर वाळू घालतो. एवढंच. ना तुरुंग, ना चकवा, ना साधू. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेले. बाकी सगळ्यांना मी उत्तरं दिली होती. यांना देता आलं नाही, म्हणून त्यांच्याशी बोलणं सोडलं. रस्त्यात दिसले की मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो.

आणि त्या संध्याकाळपासून मी माझी थिअरी काढली. दाजी घरी येतायत. पायी. गाडीत बसायची शपथ जातानाची होती, येतानाची अक्काने कुठे घातली होती? त्या हाताच्या खुणेचा अर्थ सगळे लावत बसले होते की 'आलोच' की 'थांबा', पण ड्रायव्हर ती खूण कधी करतो? मागच्या गाडीला पुढे जाऊ देताना. तुम्ही निघा, मी येतो मागून. मी दाजींना अरवलीच्या बाजूने आणलं, ढाब्यांवर उतरवलं, जिथे जुने ड्रायव्हर त्यांना ओळखून बाजेवर बसवत. गुजरातेत त्यांना उंधियो आवडला म्हणून हिवाळाभर ते तिथेच अडकले. मग नर्मदेला पाणी फार म्हणून काठावर थांबले. ही गोष्ट मी अमळनेरला सांगितली तेव्हा ती एवढीशी होती; शिरपूरला जाऊन परत माझ्याकडे आली तेव्हा दाजींबरोबर एक कुत्रं होतं. ते कुत्रं माझं नाही. कुणी घातलं माहीत नाही, पण छान होतं, मी राहू दिलं.

अक्काला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती हसली. उंधियोला हसली. राजस्थानाहून आल्यावर ती तेवढी एकदाच हसली, आणि मला वाटलं की धंदा जमला. मग मी तिच्याकडे जाताना दर वेळी दाजींना थोडं पुढे सरकवून न्यायचो.

पहिली आखाजी शोधाशोधीतच निघून गेली. दुसरी जवळ आली तेव्हा खरं सुरू झालं. आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. पण तुमच्याकडे त्या दिवशी लोक सोनं घेतात, आमच्याकडे घागर भरतात. घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावाने कुंभाराकडची मातीची घागर आणायची, गव्हावर मांडायची, तिच्यात पाणी भरायचं, वर खरबूज आणि आंबे ठेवायचे, चुलीतल्या निखाऱ्यावर त्याच्या नावाने घास टाकायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर आमचे पितर तहानलेले असतात, त्यांना पाणी मिळतं. तोवर घरातली जाणती माणसं काही खात-पीत नाहीत. ज्याच्या नावाची घागर भरली तो मेला. कोर्टाच्या निकालावर अपील असतं, घागरीवर नसतं. आणि दाजींच्या नावाची घागर भरली की अक्काचं कुंकू पुसायला वेगळं कुणी यावं लागणार नव्हतं.

सुरुवात दाजींच्या आईपासून झाली. तिला सगळे जिजी म्हणतात. वय विचारलं तर ती सातपुड्याकडे बोट दाखवते. एके सकाळी ती ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "मन्हा आंडोर सपनमा येस. पानी मांगस."

माझा मुलगा स्वप्नात येतो आणि पाणी मागतो. झालं. आठ दिवसांत गावात स्वप्नांची साथ आली. शेजारणीच्या स्वप्नात दाजी तांब्या घेऊन उभे. पोस्टमनच्या स्वप्नात दाजी रिकामी बाटली घेऊन उभे. गावातल्या कुणाची विहीर आटली, कुणाची मोटर जळली, तर तेही दाजींच्या तहानेवर घातलं. जो माणूस आयुष्यभर कुणाच्या दारात ग्लासभर पाण्यासाठी थांबला नाही, तो आता घरोघरी स्वप्नात उभा राहून मागत होता. मी म्हटलं, यापेक्षा माझं कुत्रं बरं.

पण दाजींचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते माझ्याकडे अमळनेरला आले तेव्हा मला विनोद सुचेना. आबा साधा शेतकरी माणूस. कपाशी, थोडी ज्वारी, देवळात एकादशीला भजन. ते आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी नेहमीप्रमाणे दाजींना नर्मदेवरून पुढे आणायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. म्हणाले, मला त्याला मारायची हौस आहे का? माझ्या पाठचा तो. पण तो तहानेने गेला असेल, तर ज्या माणसाला पाण्यावाचून मरण आलं त्यालाच आपण घागर नाकारायची? बाकी कुणाच्या पितराला एक वेळ चालेल. याला कसं चालेल?

आबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

मग त्यांनी मधला मार्ग काढला. आखाजीला लेकी माहेरी येतात. झोका, गाणी, आमरस. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला आणायला जातो. अक्काच्या वयाला आता कुणी झोक्यावर बसवत नाही, पण मी दर वर्षी तिला आणायचो. आबा म्हणाले, या वर्षीही घेऊन जा, नेहमीसारखं. तिच्या मागे आम्ही भरून टाकतो. तिला बघायला लागायला नको. परत येईल तेव्हा झालेलं असेल. ते हे तिची दया येऊन बोलत होते, यात मला शंका नव्हती. मी मान हलवली. होकाराची हलवली की नकाराची, ते आबांनी त्यांच्या सोयीने घेतलं.

मी गेलो. अक्का अंगणात कुरडया वाळत घालत होती. तिने पाणी आणून दिलं. मी तांब्या हातात धरून, एक घोट घ्यायच्या आधी, आबांचं सगळं बोलणं तिला सांगून टाकलं. तिला न सांगता नेता आलं असतं. दलाल आहे मी, दोन्ही बाजूंनी बोलायची सवय आहे. पण बहिणीला कापसासारखं गाठोड्यात बांधून न्यायचं, ही दलाली मला जमणारी नव्हती. आणि सांगून झाल्यावर, तिचा चेहरा बघवेना म्हणून, मी दाजींना थेट धुळ्यापर्यंत आणलं. म्हटलं, अक्का, काल एका ट्रकवाल्याने सांगितलं, धुळ्याच्या बायपासला एक माणूस हात मागे बांधून चालत होता.

तिने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

"तू पण त्यांच्यातलाच," ती म्हणाली. "ते रोज मारतात, तू रोज जगवतोस. माझा नवरा आहे का तुमच्या शर्यतीचा बैल?"

मी म्हटलं, मग मी सांगू तरी काय लोकांना?

"गेले म्हणून सांग. चालत गेले. पुढचं मला ठाऊक नाही, तुला नाही, आबांना नाही. जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असं मी कुणाच्या समाधानासाठी म्हणणार नाही. त्यांच्याही नाही, तुझ्याही नाही."

मी तिच्याबरोबर कुरडया घालू लागलो. ताट संपलं. मग विचारलं, मग माहेरी येणार ना? तिने सांगितलं की शोधाशोधीचं वर्ष सोडलं तर जन्मात पहिल्यांदा ती आखाजीला माहेरी येणार नाही. "तूच राहा इथं," म्हणाली. मुऱ्हाळीच बहिणीच्या सासरी मुक्कामाला राहिला, असं आमच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. मी राहिलो. अमळनेरच्या घरी फोन करून सांगितलं की आमरसाचं बघा तुमचं तुम्ही.

आखाजीच्या सकाळी आबा कुंभाराकडून घागरी घेऊन आले. अक्का घरातच आहे हे बघून ते दारात थबकले, माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छत चांगलं होतं. पण घागरी आल्या होत्या, जिजी पहाटेपासून कोरड्या घशाने बसली होती, भाऊबंदांतली माणसं सोप्यात जमली होती. आता मागे फिरायला वाट नव्हती. त्यांनी गहू पसरले. एक घागर मांडली त्यांच्या वडिलांची. तिच्या शेजारी दुसरी, नवी, लालभडक, ओलसर मातीचा वास येणारी. तिच्या गळ्याला दोरा बांधला, वर खरबूज ठेवलं, आंबे ठेवले. पाणी भरलेलं होतं. आता फक्त नाव घ्यायचं राहिलं होतं आणि ते आईने घ्यायचं होतं.

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पुरण लागलेलं, कपाळावर एवढं मोठं कुंकू, रोजच्यापेक्षा मोठं, आणि हातात नवा हिरवा चुडा. मी तुम्हाला सांगतो, सोप्यातल्या माणसांनी श्वास धरला तेव्हा निखाऱ्यांना वारा मिळेना. जिजीने तोंड उघडलं. तिचे ओठ कोरडे पडले होते, पहिलं अक्षर निघेना.

अक्का नव्या घागरीपुढे बसली. तिने वरचे आंबे एका बाजूला ठेवले, खरबूज उचलून मांडीवर घेतलं, मग ते जमिनीवर ठेवलं. घागर दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली.

ती प्यायली. तांब्याने नाही, ओंजळीने नाही, घागरीनेच. पाणी गळ्यावरून, पदरावरून, गव्हांवर सांडलं. पितरांच्या घागरीला कुणी बोट लावत नाही, तिथे ती शेतातून आलेल्या गड्यासारखी घटघट प्यायली आणि प्यायचा आवाज सगळ्या सोप्यात ऐकू आला. कुणी तिला थांबवलं नाही. कसं थांबवायचं, हे कुठल्या भटजीने सांगून ठेवलेलं नाही.

घागर खाली ठेवून तिने तोंड पुसलं.

"माले तीस लागनी व्हती," ती म्हणाली. मला तहान लागली होती.

आबांच्या एका चुलत्याने अब्रह्मण्यम वगैरे सुरू केलं. पितराचं पाणी उष्टं केलं, आता तो कुठे जाईल, असं काहीतरी. अक्काने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती जिजीकडे वळली. तीच घागर तिने पुढे सरकवली, एका हाताने बूड धरून कलती केली.

"ल्या जिजी. तुम्हीबी प्या."

जिजी तिच्याकडे बघत राहिली. मी त्या म्हातारीला ओळखतो, तिने नवऱ्याचं ऐकलं नाही, सुनांचं तर कधीच नाही. तिला मुलाला पाणी द्यायचं होतं. हे पाणी ती प्यायली तर ते त्याला पोचणार नव्हतं. नाही प्यायली आणि नाव घेतलं, तर तो मेला. दोन्ही तिला दिसत होतं. मग तिने हात पुढे केला, घागरीच्या काठाला धरलं आणि ओठ लावले. दोनच घोट घेतले. मग थांबली, आणि पुन्हा प्यायली, पोटभर. पहाटेपासून काही प्यायली नव्हती बिचारी. अक्का बूड धरून होती.

नाव कुणी घेतलं नाही.

आबा उठून ओट्यावर जाऊन बसले. वडिलांच्या घागरीची पूजा झाली, त्यांच्या नावाचा घास निखाऱ्यावर पडला, पंगत बसली. भाऊबंदांपैकी काही न जेवता निघून गेले, अक्काच्या हातचं पुरण सोडून, मूर्ख लोक. अक्काने ताट वाढून आबांना बाहेर नेऊन दिलं. ते जेवले की नाही ते मी पाहिलं नाही, पण ताट परत आलं तेव्हा रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी ते मला एसटीला सोडायला येताना मी विचारलं की रागावलात का. ते म्हणाले, जिजी काल रात्री पहिल्यांदा झोपली.

आता ही गोष्ट मी सांगायला लागलो. अक्काने दाजींच्या गोष्टींना मनाई केली होती, तिच्या स्वतःच्या गोष्टीला नव्हती. अमळनेरला सांगितलं की तिने एका दमात घागर रिकामी केली. शिरपूरला पोचेपर्यंत दोन घागरी झाल्या. दोंडाईच्याला मला एका अनोळखी माणसाने सांगितलं की ती बाई पीत राहिली, पीत राहिली, आणि घागर काही संपेना, तेव्हा लोक पाया पडले. मी त्याला विचारलं, तुम्ही तिथे होता का? तो म्हणाला, होतो तर. मी त्याला चहा पाजला, साखर घालून. असल्या माणसाशी मला कधी वाद घालता आलेला नाही.

लोकांनी नावंही ठेवली. पितर उपाशी ठेवणारी, कुंकवाचा हट्ट करणारी, भावाच्या नादाने बिघडलेली. लग्नकार्यात हळदी-कुंकवाचं ताट तिच्यापुढे आलं की धरणारीचा हात अडखळतो. अक्का स्वतः बोट बुडवते आणि स्वतः लावते. मी एकदा विचारलं, बरं वाटतं का? ती म्हणाली, बरं काय वाटायचंय, कुंकू आहे ते. प्राध्यापकांचं म्हणणं खरं असू शकतं हेही तिला माहीत आहे. तिनेच मला ते समजावून सांगितलं, उष्माघाताचं, शांतपणे, शेंगा सोलता सोलता. मी उठून बाहेर गेलो. ती सोलत राहिली.

दाजींना मी आता कुठेही चालवत नाही. कुणी विचारलं तर सांगतो, चालत गेले. पुढे? पुढचं ठाऊक नाही. माणसं या उत्तराने जितकी चिडतात तितकी माझ्या कुत्र्याने कधी चिडली नव्हती. त्यांना मेलेला चालतो, साधू झालेला चालतो, तुरुंगातला चालतो. ठाऊक नसलेला चालत नाही. चिडू द्यात.

यंदाच्या आखाजीला मी अक्काला माहेरी आणायला गेलो, तर ती म्हणाली थांब, घरचं आटपून येते. सकाळी आबा कुंभाराकडून आले. खांद्यावर पोतं, त्यात पेंढा, पेंढ्यात घागर. त्यांनी ती काढून ओट्यावर ठेवली आणि पोतं झटकून घडी घालायला लागले. अक्का पदराला हात पुसत दारात आली. तिने घागरीकडे पाहिलं, मग रिकाम्या पोत्याकडे.

"एकज?" तिने विचारलं.

"एकज शे," आबा म्हणाले. "बाबांची."

तिने घागर उचलली, बोटांनी टिचकी मारून आवाज ऐकला, आणि पाणी भरायला आत नेली.